स्विचवर व्हीलॅन पोर्ट बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर आणि केबलवर एकमेकांपासून वेगळी ठेवलेली नेटवर्कं. या पानावरची उदाहरणं एकाच मांडणीवर बेतलेली आहेत. दोन मजल्यांचं कार्यालय, प्रत्येक मजल्यावर २४ पोर्टचा एक मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच, दोन्ही स्विचमध्ये एक केबल, आणि राउटर खालच्या मजल्यावर. व्हीलॅन पाच: १० कार्यालयातले संगणक, २० फोन, ३० कॅमेरे, ४० पाहुण्यांचं वायफाय, ९९ स्विच आणि ॲक्सेस पॉइंट सांभाळण्यासाठी. कमांड सिस्को आयओएसच्या, म्हणजे सिस्कोच्या स्विचवर चालणाऱ्या प्रणालीच्या आहेत. दुसऱ्या कंपनीचं वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

टॅग म्हणजे काय आणि तो लावतं कोण?

८०२.१क्यू या मानकाप्रमाणे (पहिली आवृत्ती १९९८ ची) इथरनेट फ्रेममध्ये (केबलवरून जाणाऱ्या माहितीच्या एका पाकिटात) पाठवणाऱ्याच्या मॅक (हार्डवेअर) पत्त्यानंतर चार बाइट घुसवले जातात. पहिले दोन बाइट म्हणजे हेक्स ८१०० ही खूण. उरलेल्या १६ बिटांपैकी ३ प्राधान्यासाठी, १ ‘गर्दी झाली तर ही फ्रेम आधी टाका’ हे सांगायला, आणि १२ व्हीलॅनच्या क्रमांकासाठी. त्यामुळे सर्वांत मोठी फ्रेम १५१८ ऐवजी १५२२ बाइटची होते.

साधा संगणक, प्रिंटर किंवा कॅमेरा टॅग लावत नाही आणि त्याला तो कळतही नाही. टॅग लावणं-काढणं हे स्विचच्या पोर्टचं काम. प्रत्येक पोर्टला दोनच गोष्टी ठरवून द्याव्या लागतात. एक, टॅग नसलेली फ्रेम आत आली तर ती कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायची? दोन, फ्रेम बाहेर जाताना कुठल्या व्हीलॅनचा टॅग ठेवायचा आणि कुठल्याचा काढायचा? खाली येणारे सगळे शब्द या दोन गोष्टींसाठीच आहेत. आणि जवळपास सगळे बिघाड केबलच्या दोन टोकांनी यांची वेगवेगळी उत्तरं दिल्यामुळे होतात.

ॲक्सेस, ट्रंक, टॅग्ड, अनटॅग्ड, पीव्हीआयडी, नेटिव्ह… इतके शब्द कशाला?

प्रत्येक कंपनीने आपापले शब्द रुजवले म्हणून. सिस्कोमध्ये एकाच व्हीलॅनचा, टॅग न लावणारा पोर्ट म्हणजे ॲक्सेस, आणि अनेक व्हीलॅन टॅगसह नेणारा म्हणजे ट्रंक. ट्रंकवर जो एक व्हीलॅन टॅगविना जातो तो नेटिव्ह. टीपी-लिंक, नेटगिअर, डी-लिंक यांच्या वेब पानावर ‘टॅग्ड सभासद’ आणि ‘अनटॅग्ड सभासद’ असं दिसतं. हे बाहेर जाण्याबद्दल. आत येणाऱ्या बिनटॅग फ्रेमचा क्रमांक म्हणजे पीव्हीआयडी.

एचपीच्या जुन्या प्रोकर्व्ह आणि अरुबाओएस-स्विच घराण्यात एक सापळा आहे. तिथे ‘ट्रंक’ म्हणजे दोन-चार केबल जोडून केलेली एक जाड जोडणी. व्हीलॅनशी तिचा संबंध नाही. सिस्कोच्या सवयीने तिथे ट्रंक कमांड दिली तर पोर्ट भलत्याच गटात जातो. त्या स्विचवर आधी ‘व्हीलॅन १०’ मध्ये शिरायचं, मग ‘अनटॅग्ड १-१२’ आणि ‘टॅग्ड २४’. म्हणजे सिस्कोत पोर्टमध्ये जाऊन व्हीलॅन सांगायचा, इथे व्हीलॅनमध्ये जाऊन पोर्ट सांगायचे. नव्या अरुबा सीएक्सवर मात्र पुन्हा सिस्कोसारखं, पोर्टमध्ये जाऊन ‘व्हीलॅन ॲक्सेस १०’.

क्रमांक कोणते निवडावेत?

१ ते ४०९४ चालतात. ० आणि ४०९५ राखीव आहेत. सिस्कोवर १००२ ते १००५ टोकन रिंग आणि एफडीडीआय या जुन्या नेटवर्क पद्धतींसाठी अडवलेले असतात, ते सोडा. व्हीलॅन १ कामासाठी वापरू नका: नवा किंवा रीसेट झालेला प्रत्येक पोर्ट आपोआप त्यातच असतो, त्यामुळे चुकून लावलेली केबल थेट तुमच्या कामाच्या नेटवर्कमध्ये येते.

क्रमांक आणि आयपीचा तिसरा आकडा सारखा ठेवा: व्हीलॅन १० ला १९२.१६८.१०.०, व्हीलॅन ३० ला १९२.१६८.३०.०. तांत्रिक गरज नाही, पण फोनवरून ‘माझा आयपी १९२.१६८.४० ने सुरू होतोय’ असं कोणी सांगितलं की पोर्ट पाहुण्यांच्या व्हीलॅनमध्ये गेलाय हे जागेवर कळतं.

कमांड देण्याआधी काय तयार हवं?

पोर्टचा तक्ता. स्विचचा पोर्ट, पॅच पॅनलचा क्रमांक, भिंतीवरच्या सॉकेटचा क्रमांक, तिथे काय लागणार, टॅगविना कुठला व्हीलॅन, टॅगसह कुठले. आपल्या उदाहरणात: १ ते १२ संगणक आणि फोन, १३ ते १८ कॅमेरे, १९ आणि २० ॲक्सेस पॉइंट, २१ आणि २२ रिकामे, २३ राउटर, २४ दुसरा मजला. तक्ता छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. केबल हलवणारा माणूस आणि स्विच सांभाळणारा माणूस बहुतेक ठिकाणी वेगळे असतात, आणि पहिल्याला स्विचचा पासवर्ड माहीत नसतो.

ॲक्सेस पोर्ट कसा करायचा?

आधी व्हीलॅन तयार करून त्याला नाव द्या, मग पोर्ट त्यात टाका.

व्हीलॅन ३०
नेम कॅमेरे
एक्झिट
इंटरफेस रेंज गिगाबिटइथरनेट १/०/१३ - १८
स्विचपोर्ट मोड ॲक्सेस
स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन ३०
स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट
नो शटडाउन

नाव प्रत्यक्षात रोमनमध्येच आणि जागा न सोडता द्या. पोर्टफास्ट कशासाठी ते खाली १६९.२५४ च्या प्रश्नात आहे. ‘मोड ॲक्सेस’ ही ओळ वगळू नका. सिस्कोच्या बऱ्याच कॅटॅलिस्ट स्विचवर पोर्ट मुळात ‘डायनॅमिक ऑटो’ असतो, म्हणजे समोरच्याने ट्रंक मागितला तर देऊन टाकतो. टेबलाखाली कोणी आपला स्विच लावला तर तुमचा ॲक्सेस पोर्ट ट्रंक व्हायला नको.

जुन्या पोर्टवर आधीची सेटिंग साचलेली असेल तर ‘डिफॉल्ट इंटरफेस’ आणि पोर्टचा क्रमांक दिला की तो कोरा होतो. एकेक ओळ ‘नो’ लावून काढण्यापेक्षा हे बरं.

आणि ट्रंक?

इंटरफेस गिगाबिटइथरनेट १/०/२४
स्विचपोर्ट मोड ट्रंक
स्विचपोर्ट ट्रंक नेटिव्ह व्हीलॅन ९९९
स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन १०,२०,३०,४०,९९
स्विचपोर्ट नोनिगोशिएट

९९९ हा कुणालाही न दिलेला, फक्त या कामासाठी तयार केलेला व्हीलॅन आहे. हीच सेटिंग दुसऱ्या मजल्यावरच्या स्विचवर, त्या केबलच्या दुसऱ्या टोकाला, अक्षरशः तशीच. ३५६० आणि ३७५० सारख्या जुन्या स्विचवर ‘मोड ट्रंक’ च्या आधी ‘स्विचपोर्ट ट्रंक एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू’ द्यावं लागतं, नाहीतर स्विच कमांड नाकारतो. कारण त्यांना सिस्कोची स्वतःची आयएसएल पद्धतही येते आणि दोन्हींतली एक निवडावी लागते. २९६० ला फक्त डॉट१क्यू येतं, तिथे ही ओळ टाइप केली तर उलट ‘इनव्हॅलिड इनपुट’ मिळतं.

दोन्ही टोकं ‘डायनॅमिक ऑटो’ वर ठेवली तर ट्रंक कधीच होत नाही. दोघंही समोरच्याने विचारण्याची वाट बघत बसतात आणि पोर्ट ॲक्सेस राहतात. आपापसांत ठरवू देण्यापेक्षा दोन्हीकडे स्पष्ट लिहा.

ट्रंकवर नवा व्हीलॅन वाढवला आणि बाकी सगळे बंद पडले. का?

‘ॲड’ हा शब्द राहिला. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ५०’ याचा अर्थ ‘५० पण’ असा नसून ‘फक्त ५०’ असा आहे. जुनी यादी पुसली जाते, स्विच काही विचारत नाही. बरोबर कमांड: ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ५०’. काढताना ‘रिमूव्ह ५०’. तुम्ही त्याच ट्रंकमधून दूरच्या स्विचवर लॉगिन असाल तर एंटर दाबताक्षणी स्क्रीन गोठते, आणि मग जिना चढावा लागतो.

यावर उपाय म्हणजे दूरच्या स्विचवर ट्रंकला हात लावण्याआधी ‘रीलोड इन १०’ देणं. ‘आधीचं सेव्ह करू का’ असं स्विच विचारेल तेव्हा, तोवर काही बदललेलं नसेल तर हो म्हणा. बदल चुकला आणि संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या सेटिंगसह उठतो. बदल बरोबर ठरला तर ‘रीलोड कॅन्सल’ द्या आणि मगच सेव्ह करा. कॅन्सल विसरलात तर भर दुपारी सगळा मजला बंद पडतो, तेव्हा घड्याळाकडे लक्ष असू द्या.

ट्रंक आहे, यादीत व्हीलॅनही आहे, तरी पलीकडे पोहोचत नाही.

त्या स्विचवर व्हीलॅन तयारच केलेला नसण्याची शक्यता सर्वांत जास्त. ॲक्सेस पोर्टला नसलेला व्हीलॅन दिला तर सिस्को स्विच तो स्वतः तयार करतो आणि तसं सांगतोही. ट्रंकच्या यादीत नसलेला क्रमांक दिला तर मात्र गुपचूप स्वीकारतो आणि त्या फ्रेम पुढे पाठवत नाही. तीन स्विच ओळीत असतील आणि मधल्यावर त्या व्हीलॅनचा एकही पोर्ट नसेल तर नेमका तोच सुटतो.

‘शो इंटरफेसेस ट्रंक’ चे चार भाग वरून खाली वाचा. पहिला: ट्रंक आहे का, नेटिव्ह कोणता. दुसरा: यादीत काय आहे. तिसरा: यादीतलं इथे खरोखर अस्तित्वात काय आहे. चौथा: स्पॅनिंग ट्रीने (केबलचा फेरा होऊ नये म्हणून जादा वाट बंद ठेवणारी सोय) अडवलेलं वगळून प्रत्यक्षात काय जातंय. क्रमांक ज्या भागात गळतो तिथेच दोष. दुसऱ्यात आहे आणि तिसऱ्यात नाही, म्हणजे व्हीलॅन तयार करा.

‘शो व्हीलॅन ब्रीफ’ मध्ये माझा पोर्ट दिसतच नाही. बिघडला का?

नाही. एकतर तो ट्रंक झालाय (ही यादी फक्त ॲक्सेस पोर्टची असते), नाहीतर तो ज्या व्हीलॅनमध्ये होता तो कोणीतरी डिलीट केलाय. व्हीलॅन पुसला म्हणून त्याचे पोर्ट १ मध्ये परत जात नाहीत. अधांतरी राहतात, लिंक असूनही एक फ्रेम पुढे जात नाही. तोच क्रमांक पुन्हा तयार केला की जिवंत होतात.

नेटिव्ह व्हीलॅन मिसमॅचचा संदेश दर मिनिटाला येतो. दुर्लक्ष केलं तर?

करू नका. एका टोकाला नेटिव्ह १ आणि दुसऱ्याला ९९९ असेल तर पहिल्याने टॅगविना पाठवलेली व्हीलॅन १ ची फ्रेम दुसरा ९९९ ची समजतो. दोन नेटवर्क त्या केबलमध्ये एकमेकांत सांडतात. हे सिस्कोला सीडीपीमुळे (सिस्कोची उपकरणं शेजाऱ्याला आपली माहिती सांगतात ती पद्धत) कळतं म्हणून संदेश येतो, आणि दर व्हीलॅनला वेगळी स्पॅनिंग ट्री चालवणारे त्यांचे स्विच ते दोन व्हीलॅन त्या पोर्टवर अडवूनही ठेवतात. समोर दुसऱ्या कंपनीचा स्विच असेल तर बहुधा कसलीच सूचना मिळत नाही आणि चूक वर्षानुवर्षं टिकते.

टीपी-लिंक किंवा नेटगिअरच्या छोट्या स्विचवर सगळं भरलं, तरी संगणकाला आयपी मिळत नाही.

पीव्हीआयडी बघा. आठ पोर्टच्या ‘इझी स्मार्ट’ किंवा ‘स्मार्ट मॅनेज्ड’ स्विचवर सर्वांत जास्त होणारी चूक हीच, कारण ती सेटिंग वेगळ्या पानावर असते आणि पहिलं पान भरल्यावर काम झालं असं वाटतं.

समजा पोर्ट १ वर मुख्य स्विचची केबल आहे, २ ते ४ संगणकांना आणि ५ ते ८ कॅमेऱ्यांना द्यायचे आहेत. क्रम असा:

८०२.१क्यू व्हीलॅन चालू करा. पोर्ट-आधारित व्हीलॅन ही वेगळी, जुनी सोय आहे, ती नको. व्हीलॅन १० तयार करा: पोर्ट १ टॅग्ड, २ ते ४ अनटॅग्ड, बाकी सभासद नाहीत. व्हीलॅन ३०: पोर्ट १ टॅग्ड, ५ ते ८ अनटॅग्ड. आता पीव्हीआयडीच्या पानावर जाऊन २ ते ४ ला १० आणि ५ ते ८ ला ३० द्या. शेवटी व्हीलॅन १ मधून २ ते ८ काढा. हा क्रम मुद्दाम असा आहे, कारण काही मॉडेल पीव्हीआयडी १ असताना पोर्टला व्हीलॅन १ मधून निघू देत नाहीत.

पीव्हीआयडी विसरलात तर लक्षणं फसवी असतात. पोर्ट ५ हा ३० चा अनटॅग्ड सभासद आहे, म्हणून व्हीलॅन ३० मधली ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठी पाठवलेली फ्रेम) त्या कॅमेऱ्यापर्यंत येते, दिवा लुकलुकतो. पण कॅमेऱ्याने पाठवलेली फ्रेम पीव्हीआयडीनुसार व्हीलॅन १ मध्ये पडते. ऐकू येतं, बोलता येत नाही. केबल बदलून, कॅमेरा बदलून काही होत नाही.

हा स्विच स्वतः मुळात व्हीलॅन १ मध्ये राहतो. पोर्ट १ तिथून काढलात किंवा पलीकडे ट्रंकवर व्हीलॅन १ ला जागा नसेल, तर त्याचं वेब पान उघडणार नाही. अगदी स्वस्त मॉडेलवर हा व्यवस्थापनाचा व्हीलॅन बदलता येत नाही. तिथे या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर ९९ हाच नेटिव्ह द्यायचा. मग त्याचा व्हीलॅन १ टॅगविना निघतो आणि मुख्य स्विच त्याला ९९ समजतो. वर ज्याला सांडणं म्हटलं तेच इथे ठरवून केलेलं आहे, म्हणून तक्त्यात नोंद हवीच.

मायक्रोटिकवर व्हीलॅन फिल्टरिंग चालू करताच बाहेर फेकला गेलो.

‘व्हीलॅन-फिल्टरिंग=येस’ ही सर्वांत शेवटची पायरी. त्याआधी ब्रिजच्या (पोर्ट एकत्र जोडणाऱ्या आतल्या स्विचच्या) व्हीलॅन तक्त्यात प्रत्येक व्हीलॅनचे टॅग्ड आणि अनटॅग्ड पोर्ट, आणि प्रत्येक पोर्टचा पीव्हीआयडी भरलेला हवा. ज्या व्हीलॅनमधून तुम्ही लॉगिन होता, त्यात ब्रिज स्वतःसुद्धा टॅग्ड सभासद लागतो. ब्रिजचं नाव यादीत नसेल तर फ्रेम एका पोर्टमधून दुसऱ्यात जातात पण उपकरणाच्या प्रोसेसरपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणजे तुम्हीही नाही.

काम सुरू करताना सेफ मोड लावा: विनबॉक्स या मायक्रोटिकच्या प्रोग्रॅममध्ये बटण आहे, टर्मिनलमध्ये कंट्रोल-एक्स. संपर्क तुटला तर बदल आपोआप मागे घेतले जातात. सीआरएस३ मालिकेत हे फिल्टरिंग स्विचच्या चिपवर होतं. बऱ्याच जुन्या आणि छोट्या मॉडेलवर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि वेग पडतो. तिथे स्विच मेन्यूतली वेगळी पद्धत वापरा.

एकाच पोर्टवर फोन आणि फोनच्या मागे संगणक. ट्रंक करू का?

नको. ॲक्सेस पोर्टच ठेवून ‘स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन १०’ आणि ‘स्विचपोर्ट व्हॉइस व्हीलॅन २०’ द्या. फोन सीडीपी किंवा एलएलडीपी-मेडवरून (तशीच, पण सगळ्या कंपन्यांसाठीची पद्धत) आपला क्रमांक विचारतो आणि स्वतःच्या फ्रेमवर २० चा टॅग लावतो. संगणकाच्या फ्रेम टॅगविना येऊन १० मध्ये जातात. फोन सिस्कोचा नसेल तर स्विचवर ‘एलएलडीपी रन’ चालू आहे का बघा, कारण ते अनेकदा बंद असतं. तेही जमत नसेल तर फोनच्या मेन्यूत क्रमांक हाताने भरा. मात्र फोन दुसऱ्या जागी नेला तरी तो क्रमांक त्याच्यातच राहतो.

वायफायच्या ॲक्सेस पॉइंटचा पोर्ट कसा हवा?

ट्रंक. ॲक्सेस पॉइंट स्वतःचा आयपी बहुधा टॅगविना मागतो, म्हणून नेटिव्ह ९९. नेटवर्कच्या नावांना जोडलेले व्हीलॅन, आपल्याकडे १० आणि ४०, टॅगसह. पाहुण्यांच्या नावाला जोडलं जातंय पण ‘इंटरनेट नाही’ असं येत असेल, तर ४० त्या पोर्टच्या किंवा वाटेतल्या ट्रंकच्या यादीत नाही.

कॅमेऱ्यांसाठी मधे साधा (सेटिंग नसलेला) पीओई, म्हणजे केबलमधूनच वीज देणारा, स्विच लावला तर चालेल?

चालेल, पण त्याच्यामागचं सगळं एकाच व्हीलॅनचं असेल तरच. मुख्य स्विचचा पोर्ट ३० चा ॲक्सेस करा आणि साधा स्विच त्याला जोडा. सगळे कॅमेरे ३० मध्ये येतात. त्याच साध्या स्विचला कोणी संगणक जोडला तर तोही कॅमेऱ्यांत जाऊन बसेल, हे मान्य असायला हवं.

साध्या स्विचमधून ट्रंक नेऊ नका. बहुतेक साधे स्विच टॅग न बघता फ्रेम पुढे ढकलतात, त्यामुळे ‘चालतंय की’ असं वाटतं. पण सगळ्या व्हीलॅनची ब्रॉडकास्ट त्याच्या सगळ्या पोर्टवर जाते, आणि काही जुने स्विच १५२२ बाइटची फ्रेम टाकून देतात. म्हणजे पिंग जाईल, छोटी पानं उघडतील, मोठी फाइल अडकेल. कारण शोधताना दिवस जातो.

व्हीलॅन केले, आता कार्यालयातून कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दिसत नाही.

दिसायला नकोच, वेगळं केलं ते त्याचसाठी. दोन व्हीलॅनमध्ये ये-जा हवी तर राउटर किंवा लेअर ३ (राउटरचं कामही करणारा) स्विच लागतो. राउटरवर एकाच केबलवर उपइंटरफेस करा: ‘इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/०.३०’, ‘एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू ३०’, आणि त्या व्हीलॅनचा गेटवे आयपी. स्विचचा पोर्ट २३ अर्थातच ट्रंक. लेअर ३ स्विचवर ‘आयपी राउटिंग’ आणि प्रत्येकाला ‘इंटरफेस व्हीलॅन’. मग कुणी कुठे जायचं ते नियमांनी अडवा: १० मधून फक्त रेकॉर्डरच्या आयपीकडे वाट, ४० मधून आत कुठेच नाही.

डीएचसीपीची (आपोआप आयपी मागण्याची) विनंती ब्रॉडकास्ट असते, ती व्हीलॅन ओलांडत नाही. सर्व्हर एकच असेल तर प्रत्येक व्हीलॅनच्या गेटवेवर ‘आयपी हेल्पर-ॲड्रेस’ आणि सर्व्हरचा पत्ता द्या, आणि सर्व्हरवर त्या त्या नेटवर्कचा स्कोप (वाटायच्या आयपींचा पट्टा) तयार करा.

संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी येतो. कुठून सुरुवात करू?

म्हणजे डीएचसीपीचं उत्तर आलं नाही. आधी संगणकाला त्या व्हीलॅनमधला आयपी हाताने देऊन गेटवेला पिंग करा. पिंग गेला तर व्हीलॅन ठीक आहे, डीएचसीपी सर्व्हर किंवा हेल्पर तपासा. गेला नाही तर ‘शो मॅक ॲड्रेस-टेबल इंटरफेस’ देऊन त्या पोर्टवर संगणकाचा मॅक कुठल्या व्हीलॅनखाली आहे ते बघा. दुसऱ्याच व्हीलॅनखाली असेल तर पोर्टची सेटिंग चुकली किंवा केबल भलत्या पोर्टला आहे. बरोबर असेल तर पुढच्या स्विचवर तोच मॅक शोधा, मग त्याच्या पुढच्यावर. जिथे मॅक दिसेनासा होतो, त्याच्या अलीकडची केबल आणि तिची दोन टोकं तपासा.

संगणक सुरू होताना आयपी मिळत नाही पण मिनिटभराने केबल न काढता पुन्हा मागितला की मिळतो, असं असेल तर पोर्टफास्ट राहिलाय. जुनी स्पॅनिंग ट्री पोर्टला १५ अधिक १५ सेकंद थांबवते, तेवढ्यात संगणक कंटाळतो. पोर्टफास्ट फक्त शेवटच्या उपकरणांच्या पोर्टवर, सोबत ‘स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूगार्ड एनेबल’. मग तिथे कोणी स्विच लावला तर पोर्ट स्वतःहून बंद होतो. नव्या आयओएसमध्ये काही ठिकाणी ‘पोर्टफास्ट एज’ असं लिहावं लागतं.

वायरशार्कमध्ये (फ्रेम पकडून दाखवणारा प्रोग्रॅम) टॅग दिसत नाही, म्हणजे ट्रंक चुकला?

तेवढ्यावरून म्हणता येत नाही. विंडोजवर नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर टॅग बऱ्याचदा आधीच काढून टाकतो. लिनक्सच्या लॅपटॉपवर तपासा.

लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला कॅटॅलिस्ट घेतला. थेट जोडू?

नको. ‘राइट इरेज’ ने व्हीलॅन जात नाहीत. ते फ्लॅशमधल्या ‘व्हीलॅन डॉट डॅट’ या वेगळ्या फाइलीत असतात, ती डिलीट करून रीलोड करा. मोठा धोका व्हीटीपीचा, म्हणजे व्हीलॅनची यादी स्विचमध्ये आपोआप वाटणाऱ्या सिस्कोच्या सोयीचा. आवृत्ती १ आणि २ मध्ये एकाच डोमेनमधल्या ज्या स्विचचा रिव्हिजन आकडा मोठा, त्याची यादी सगळे स्वीकारतात. तो क्लायंट असला तरी. डोमेनचं नाव आणि पासवर्ड जुळला, जुन्या जागी रिव्हिजन खूप चढलेला असला, तर तुमचे सगळे व्हीलॅन एका झटक्यात पुसून त्याचे येतात, आणि सगळे पोर्ट वर सांगितल्यासारखे अधांतरी. पाच-दहा स्विचपर्यंत व्हीटीपीची गरजच नाही: ‘व्हीटीपी मोड ट्रान्सपरंट’, प्रत्येकावर. याने रिव्हिजनही शून्य होतो आणि व्हीलॅन चालू सेटिंगमध्ये दिसू लागतात, त्यामुळे बॅकअपमध्येही येतात.

स्विचला कुठून लॉगिन व्हावं?

व्हीलॅन ९९ मधून. ‘इंटरफेस व्हीलॅन ९९’, आयपी, ‘नो शटडाउन’, आणि लेअर २ स्विचला ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’. हा इंटरफेस तेव्हाच उठतो, जेव्हा व्हीलॅन ९९ अस्तित्वात असतो आणि त्याचा निदान एक पोर्ट, ट्रंकसुद्धा चालेल, सुरू असतो. टेबलावर एकट्या स्विचवर तो ‘डाउन’ दिसला म्हणून घाबरू नका.

दोन स्विचमध्ये दोन केबल जोडून एक लिंक केली. व्हीलॅन कुठे लिहायचे?

पोर्ट-चॅनलवर, म्हणजे त्या दोन केबलचा मिळून जो एक इंटरफेस होतो त्यावर. वेगवेगळ्या पोर्टवर हात फिरवला आणि एकाची यादी दुसऱ्यापेक्षा वेगळी झाली, तर तो पोर्ट गटातून बाहेर काढला जातो.

रिकाम्या पोर्टचं काय?

‘शटडाउन’, ॲक्सेस मोड, आणि कुठल्याही ट्रंकवर न जाणारा व्हीलॅन, उदाहरणार्थ ९९८. नेटिव्हसाठी ठेवलेला ९९९ इथे वापरू नका. ॲक्सेस पोर्टचा व्हीलॅन आणि ट्रंकचा नेटिव्ह एकच असेल तर कोणी दोन टॅग एकावर एक लावून फ्रेम पाठवू शकतो: पहिला स्विच बाहेरचा टॅग काढतो, आतला उघडा पडतो आणि पुढचा स्विच फ्रेम भलत्या व्हीलॅनमध्ये टाकतो. उत्तर परत येत नाही, पण एकतर्फी त्रास देता येतो.

व्हीलॅनने नेटचा वेग वाढतो का?

नाही. ब्रॉडकास्टचा पसारा कमी होतो इतकंच. १६ कॅमेरे प्रत्येकी ४ मेगाबिटने ६४ मेगाबिट खाणार, व्हीलॅन असो वा नसो, आणि दोन मजल्यांमधली एक गिगाबिटची केबल पाचही व्हीलॅन वाटून घेणार.

वीज गेली आणि सगळं जुन्यासारखं झालं.

सेव्ह केलं नव्हतं. सिस्कोवर ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’. वेब पानाच्या काही स्विचवर ‘अप्लाय’ ने बदल फक्त चालू होतो. कायम ठेवायला ‘सेव्ह’ चं वेगळं बटण असतं, बहुधा वरच्या कोपऱ्यात किंवा सिस्टिमच्या मेन्यूत. सेव्ह झाल्यावर सेटिंगची एक प्रत स्विचबाहेर, तारखेच्या नावाने ठेवा.